बिनवाऱ्याची जागा

झोप थेट घरात शिरत नाही. मंत्र्याच्या दौऱ्यासारखी ती आधी दोन जांभया पुढे पाठवते, बसायची सोय बघते, आणि मग स्वतः येते. रेवती घरतने सकाळपासून अशा पुष्कळ जांभया दारातूनच परतवून लावल्या आहेत. पण आता दुपार कलली आहे. गाडी मिठागराच्या बांधावर, जुन्या गोदामाच्या सावलीत उभी आहे. सीट मागे टाकलेली आहे. आणि ड्रायव्हर हनीफभाई मुकादम यांनी बाटलीचं झाकण लावतानासुद्धा आवाज होऊ नये इतकी काळजी घ्यायला सुरुवात केली आहे. माणूस आपल्यासाठी एवढा हळू वागतोय म्हटल्यावर जागं राहणं उद्धटपणाचं वाटू लागतं.

“मॅडम, मिटा डोळे थोडे. पहाटेपासून टक्क बसलाय.”

“आकडा हलला की उठवा.”

“हलायच्या आधीच उठवतो.”

“आधी नको. आधी उठवलंत तर चिपडेसाहेब विचारतील, आकडा कुठाय.”

आकडा समोरच्या पडद्यावर आहे. शून्य. तो टपावरच्या उंच काठीवरून येतो. काठीच्या टोकाला तीन वाट्या गरगरतात आणि खाली एक पातं वळतं. वारा कुठून येतो, किती जोराचा, दमट की कोरडा, हे सगळं ही गाडी गावोगाव फिरून मोजते आणि विषारी धूर किंवा गॅस सुटला तर त्याचा ढग पुढे कुठल्या घरांवर जाईल ते नकाशावर रंगवून दाखवते. खारभाट गावातली पोरं तिला वरातीची गाडी म्हणतात, कारण टपावर काहीतरी फिरत असतं आणि आत नवरा दिसत नाही. रेवतीचा नवरा बोटीवर असतो, त्यामुळे पोरांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

आज पहाटे खाडीकाठच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या अमोनियाच्या टाकीची झडप निसटली. पांढरा ढग जमिनीसरसा सरकत खारभाटकडे निघाला. दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे, हे आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेलं आहे. समुद्रावरून येतो तो खारा, जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई. भूगोलात दोन मार्कांना येतं आणि त्यानंतर जन्मात कधी लागत नाही, अशी आपली समजूत असते. आज हा प्रश्न अख्ख्या गावाला आला. पहाटे मतलई वाहत होता, ढग पश्चिमेला, खाडीकडे चालला होता, म्हणून तहसीलदार चिपडे यांनी गाव उचललं आणि पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याच्या शाळेत नेऊन ठेवलं. बरोबरच केलं. पण दुपारी वारा फिरतो. खारा सुटला की तोच ढग कारखान्यावरून मागे वळणार आणि सरळ शाळेवर जाणार. टाकी बंद व्हायला संध्याकाळ होईल, असं आतली माणसं म्हणताहेत.

“मग आताच हलवा ना सगळ्यांना, वाऱ्याच्या वाटेबाहेर, मार्केट यार्डात,” असं रेवतीने फोनवर सांगून पाहिलं.

“मॅडम, एकदा हलवलं त्याला कर्तव्य म्हणतात,” चिपडे म्हणाले. “दोनदा हलवलं त्याला गोंधळ म्हणतात. म्हातारी माणसं आहेत, ऊन आहे. पुस्तक म्हणतं वारा फिरणार. एखाद्या दिवशी फिरतही नाही. मला अंदाज नको, आकडा द्या. आकडा आला की बसेस सोडतो. दारात उभ्याच आहेत.”

माणूस वाईट नाही. आकड्यावर सही करता येते, अंदाजावर येत नाही, एवढीच त्याची अडचण. म्हणून रेवती गाडी घेऊन खाडीच्या अगदी तोंडाशी आली आहे. खारा वारा आधी इथे लागणार, मग कारखान्यावर, मग शाळेवर. मधल्या वेळात शाळा रिकामी व्हायला हवी. तो मधला वेळ पकडायलाच ही गाडी आहे.

शाळेत तिची सासूही आहे. आई सकाळी अंगणात वाळत घातलेली सुकट गोळा केल्याशिवाय घराबाहेर पडायला तयार नव्हत्या. शेवटी एका हातात सुकटीचं बोचकं आणि दुसऱ्या हातात टोपलीखाली कोंबडी, अशा त्या निघाल्या. मघाशी त्यांचा फोन आला होता.

“क गो, अजून किती वेल बसवणार हिथं?”

“आई, कदाचित परत हलावं लागेल.”

“मी नाय हलायची. सकाली हाललू तेच खूप झालं. आता मना उचलूनच न्या, चौघांनी.”

ते वाक्य रेवतीच्या कानात अजून आहे. पडद्यावर शून्य आहे. गोदामाच्या भिंतीला मिठाचे पांढरे पापुद्रे धरले आहेत. ती एकेक पापुद्रा बघते, मग दोन दिसतात, मग एकच, मोठा, दुधासारखा. हनीफभाई खोकतात, पण तो खोकला हनीफभाईंचा नाही.

ती वळून बघते. स्टिअरिंगवर नाना बसले आहेत.

नाना म्हणजे हिराजी घरत, तिचे सासरे. वसाहतीच्या अग्निशमन दलाचे नायक होते. त्यांना जाऊन तीन पावसाळे झाले. अंगात खाकी सदरा आहे आणि खांद्यावर लाल चौकड्यांचा रुमाल. तो रुमाल त्यांच्याबरोबरच चितेवर गेला होता, हे रेवतीला माहीत आहे, आणि त्याबद्दल आत्ता विचारणं बरं दिसणार नाही हेही तिला कळतं.

नाना बिडी शिलगावतात.

“नाना, गॅस आहे बाहेर.”

“मेलेल्याच्या बिडीनं काय पेटतंय गो? चुलीला नाय लागत.”

धूर निघतो. सरळ वर जातो, फूटपट्टीनं आखल्यासारखा, आणि टपाला टेकून तसाच उभा राहतो. मोडत नाही, पसरत नाही. रेवती त्याच्याकडे बघत राहते.

“काय बघतेस?”

“धूर हलत नाही.”

“हलंल कशाला? चाय दे आधी.”

ती दार उघडून बांधावर पाय टाकते. पाय स्वयंपाकघरात पडतो. आईंचंच स्वयंपाकघर, फडताळ तेच, पितळी डबे तेच, फक्त जमीन मिठाची आहे, मिठागरासारखी चौकोन चौकोन आखलेली, आणि चालताना पायाखाली करकर वाजते. चुलीवर चहा आधीच उकळलेला आहे. वाफ पातेल्यावर उभी आहे, वेलीला आधार द्यायला काठी रोवावी तशी. दोरीवर कपडे आहेत. एकही हलत नाही. त्यातला एक सदरा हात पसरून थांबला आहे.

नाना पाटावर बसून चहा बशीत ओततात.

“साखर कमी.”

“डॉक्टरांनी सांगितलं होतं.”

“मेल्यावरपण?” ते बशी तोंडाला लावतात. “बरं हाय. त्यांच्या हातचा इलाज हितवर पुरला म्हनायचा.”

भिंतीवर त्यांचा फोटो आहे. कारखान्याने मोठा करून दिलेला. नाना ताठ उभे, छातीवर पदक, आणि मागे उंच खांबावर वाऱ्याचा मोजा. पांढऱ्या-भगव्या पट्ट्यांची ती लांब पिशवी. वारा आला की फुगते आणि वारा कुठे चालला ते दाखवते. वसाहतीत तिला सगळे मोजाच म्हणतात. फोटोत मोजा नानांपेक्षाही ताठ आहे.

“अजून टांगताव काय गो हा फोटो?”

“दर सुरक्षा सप्ताहात हार घालतात तुम्हाला.”

“मना की मोज्याला?”

रेवतीला हसू येतं. त्या मोज्याची गोष्ट खारभाटमध्ये लहान पोरालाही ठाऊक आहे. एका वर्षी सुरक्षा सप्ताहाला मोठे पाहुणे यायचे होते. सकाळपासून वारा पडलेला, मोजा खांबाला लोळागोळा होऊन लोंबत होता. मोज्यावर कारखान्याचं बोधचिन्ह छापलेलं. ते फोटोत दिसणार नाही म्हणून कुणाच्या तरी जिवाला घोर लागला. मग त्या कुणीतरी मोज्याच्या पोटात बांबूची कांब घातली, शेपूट मिठागराच्या दिशेला केलं आणि खांबाला तारेनं करकचून बांधला. फोटो झकास आला. पाहुण्यांनी विचारलं, एवढा वारा असतो इथे? सगळे म्हणाले, असतो साहेब. कार्यक्रम संपला, मंडप सुटला, खुर्च्या मोजून परत गेल्या. तार तेवढी राहिली. नंतर ज्याने वर पाहिलं त्याला वाटलं, वा, वारा मिठागराकडे. आणि वारा मिठागराकडे असणं ही चांगलीच गोष्ट असल्यामुळे कुणी परत पाहिलं नाही.

पुढे टाकी फुटली. नानांनी वर पाहिलं. वारा डोंगराकडून मिठागराकडे, म्हणजे डोंगराच्या बाजूच्या फाटकाने आत शिरायचं, ढग पलीकडे जातोय. त्यांनी आपली माणसं त्या फाटकाने नेली. ढग त्याच फाटकावर येत होता. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, एकेकाला कॉलर धरून, आणि स्वतः शेवटी आले, ते थेट इस्पितळातच गेले. मागाहून चौकशी समिती बसली. तिने तारेची कसून चौकशी केली आणि तार उत्तम प्रतीची, न गंजणारी असल्याचा निष्कर्ष काढला.

“ती तार काढली ना?” नाना विचारतात.

“काढली. नवा मोजा लावलाय. फिरता.”

“तरी तू गाडी फिरवतेस.”

“मोजा एका जागी उभा असतो, नाना. वाऱ्याच्या मागे जायला चाकं लागतात.”

“हां,” नाना म्हणतात. ते रिकामी बशी मिठावर उपडी ठेवतात. आवाज होत नाही. “आई कुठं हाय तुझी?”

“शाळेत.”

“चल, बघून येऊ.”

फडताळाचं दार शाळेच्या वर्गात उघडतं. अख्खं खारभाट बाकांवर बसलं आहे, दोन दोन, हात बाकावर ठेवून, पहिलीतल्या पोरांसारखं. डोक्यावर पंखे गरगर फिरताहेत. पाती दिसत नाहीत इतक्या जोरात. पण खाली कुणाचा पदर उडत नाही, कुणाची बट हलत नाही. फळ्यावर कुणीतरी समुद्र काढला आहे आणि जमीन काढली आहे, आणि मधल्या बाणाला दोन्ही टोकं नाहीत. टेबलामागे चिपडेसाहेब शाई सुकल्यासारखे बसले आहेत.

“आकडा?” ते विचारतात.

“शून्य,” रेवती म्हणते.

“शून्य!” अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, पाढे म्हणावेत तसा.

पहिल्या बाकावर आई आहेत. पायाशी टोपली. टोपलीच्या फटीतून कोंबडीचा एक डोळा दिसतो, तो मिटत नाही. रेवती जवळ जाते.

“आई, चला.”

आई समोर बघत राहतात.

“आई!”

“नाय ऐकू जायचं,” मागून नाना म्हणतात. ते शेवटच्या बाकावर बसले आहेत, वर्गातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात मागचा विद्यार्थी. “आली नाय ती अजून. नुसती जागा धरून ठेवलीय.”

रेवती वाकून बघते. बाकावर कंपासच्या टोकाने कोरलेलं नाव आहे. आईंचं. मागच्या बाकावर शेजारच्या जोमाकाकाचं. त्याच्या मागे त्याच्या नातीचं, वाकडंतिकडं, तिनं स्वतः लिहावं तसं.

“नाना, वारा का लागत नाहीये इथे?”

“वारा कुठाय, ते तू मना सांग. शिकलीस तू.”

“पडलाय. सकाळचा मतलई थांबला आणि खारा अजून सुटला नाही. मध्ये असं होतं थोडा वेळ.”

“थोडा वेळ?” नाना उठतात. बाकाला त्यांचं वजन लागतच नव्हतं, तरी तो करकरतो. “बाहेर ऊन बघ. किती कललंय. खाडीला भरती लागली. त्या बांधावर बायका मीठ ओढायच्या, दुपार कलली की पदर दातांत धरायच्या, उडतो म्हणून. आणि तुझा आकडा शून्य.”

“गाडी खोटं नाही बोलत, नाना.”

“नाय बोलत. जिथं हाय तिथलं खरंच बोलते.” ते तिच्याकडे बघतात. हयातीत त्यांनी सुनेकडे असं सरळ कधी पाहिलं नव्हतं, बोलायचे तेही आईंच्या मार्फत. “ऐक गो. एक जागा अशी असते की तिथं वारा लागत नाय. पंखा लाव, झाड लाव, काय पण कर. ती आमची जागा. आम्ही बसतो तिथं. आमास्नी कशाचा वारा? मी विचारतो, तू हिथं कशाला येऊन बसलीस?”

पंखे फिरत राहतात. कुणीही श्वास घेत नाही, हे रेवतीच्या आत्ता लक्षात येतं.

“मला झोप आली,” ती म्हणते, एखाद्या पोरीसारखी.

“येनारच. थकलीस. जागा कोनी दाखवली?”

“सावली होती.”

“सावली,” नाना म्हणतात आणि पहिल्यांदाच हसतात. वाईट हसत नाहीत. “मायाळू मानूस असनार. मायेनंच मरतंय मानूस जास्त.”

वर्गाची भिंत मिठाची होते आणि ढासळते. ते दोघं बांधावर उभे आहेत. एका बाजूला खाडी, दुसरीकडे इस्पितळाचा पलंग, तो मिठागराच्या चौकोनात पाय रोवून उभा. पलंगावर कुणी नाही. उशीला खळगा पडलेला आहे, आणि प्राणवायूचा मुखवटा त्यावर ठेवला आहे.

रेवतीला तो पलंग ओळखीचा आहे. शेवटच्या दिवशी नानांनी मुखवटा बाजूला करून तिला जवळ बोलावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच, मार्फत कुणी नसताना. वारा कुठला होता गो, असं विचारलं होतं. ती म्हणाली होती, नाना, बोलू नका, त्रास होईल. मग त्यांनी परत मुखवटा लावून घेतला आणि तो काढला नाही.

“वारा कुठला होता गो?” नाना विचारतात.

या खेपेस ती सांगते. “खाडीवरून होता, नाना. डोंगराकडे.”

“आनि मोजा?”

“मिठागराकडे.”

नाना खाडीकडे बघतात. त्यांची सवय गावाला माहीत होती. कुठल्याही कामाला लागण्याआधी तर्जनी तोंडात घालून वर धरायची. ज्या बाजूनं बोट गार लागलं तिकडून वारा. दलातली पोरं त्यांची नक्कल करायची.

“बोट ओलं केलं नाय त्या दिवशी,” ते म्हणतात. “वर एवढा रंगीत सांगत होता, म्हटलं आपन काय बोट चोखायचं चार लोकांत.”

“तुमची चूक नव्हती.”

“चुकीचं नाय विचारलं मी. वारा विचारला. तू सांगितलास. बस झालं.” ते खांद्यावरचा रुमाल काढतात. “दुखलं का, ते विचारनार असशील तर खोकला आला नुसता. आता हो बाजूला.”

ते रुमाल दातात धरून फाडतात. टर्रकन आवाज होतो. या सगळ्या जागेत एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच होतो. लांब पट्टी निघते. ते वाकून ती खाडीच्या पाण्यात बुडवतात, पिळत नाहीत, आणि बांधावर उभ्या गाडीच्या डाव्या आरशाच्या दांडीला बांधतात. पाण्याचा पाइप बांधायची त्यांची ती गाठ. दोन वेढे, एक फास, आणि शेपूट आत खोचलेलं.

“मोजा नको आपल्याला. चिंधी बरी,” नाना म्हणतात. “चिंधीवर कोन आपलं नाव छापीत नाय.”

“नाना, आई विचारतील तर काय सांगू?”

“तिला सांग, सुकटीला मुंग्या लागतील. नायतर सांग, मी सांगितलंय. जे चालंल ते.” ते तिच्या डोक्याकडे हात नेतात आणि मध्येच थांबवतात. तोही हयातीतलाच संकोच, मेल्यावर सुटलेला नाही. “जा आता. उठ. वाऱ्यात जा.”

रेवती उठते.

पडद्यावर शून्य. गोदामाच्या भिंतीवर मिठाचे पापुद्रे. शेजारी हनीफभाई, पडद्यावर नजर लावून, प्रामाणिकपणाचा पुतळा.

“झोपा अजून,” ते कुजबुजतात. “पापणी लवू दिली नाही मी. आकडा हललेलाच नाही.”

“हनीफभाई, गाडी कुठे लावलीय आपण?”

“सावलीत.”

“सावली गोदामाच्या कुठल्या बाजूला पडते, या वेळी?”

हनीफभाई उन्हाकडे बघतात. मग गोदामाकडे. मग गोदामापलीकडे जिथे खाडी असायला हवी आणि जिथे भिंतीशिवाय काही दिसत नाही तिकडे. ऊन पश्चिमेला, सावली पूर्वेला, आणि खारा वारा येणार पश्चिमेकडून. वारा मोजायची गाडी त्यांनी, मॅडमना ऊन लागू नये म्हणून, वाऱ्याला भिंत लावून उभी केली आहे.

“या अल्ला,” ते म्हणतात आणि किल्ली फिरवतात.

गाडी बांधावर उघड्यावर येते आणि टपावरची काठी कण्हते. वाट्या गरगरू लागतात. पडद्यावरचं शून्य पुसलं जातं आणि आकडे चढू लागतात, एकामागून एक, जत्रेत पाळणा चढावा तसे. नकाशावरचा पांढरा डाग कारखान्यावर क्षणभर थबकतो, मान वळवतो आणि पूर्वेला निघतो. शाळेकडे. पण अजून पोचलेला नाही. खाडीपासून शाळेपर्यंतचं अंतर अजून त्याला कापायचं आहे.

फोन चिपडेसाहेबांनी पहिल्या घंटेला उचलला.

“साहेब, फिरला. पश्चिमेकडून, चांगला जोराचा. गाडी भिंतीआड होती, म्हणून उशिरा कळलं. आकडा पाठवलाय, पण—”

“बघत नाही आता आकडा,” चिपडे म्हणाले. मागे वळून ते ओरडले, “बसेस चालू करा रे! शाळा रिकामी करा!” मग परत फोनवर, जरा खाली येऊन, “सही मग करीन. तुमच्या सासूबाई बाकाला धरून बसल्यात, मॅडम. हवालदारालाही ऐकत नाहीत.”

“द्या त्यांना.”

पलीकडे गलका, भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी पोर रडतंय. मग आई.

“मी सांगितलं ना, मी नाय—”

“आई, नानांनी सांगितलंय.”

रेवतीला वाटलं, आता शिव्या पडणार.

“कुठं भेटले?”

“सावलीत. गोदामाआड.”

“तिथंच बसायचे,” आई म्हणाल्या. “दुपारभर. बिडी ओढत.” मग कुणाला तरी, मोठ्यांदा, “टोपली धर रे! नीट धर, चावते ती!” आणि फोन बंद न करताच त्या चालू लागल्या. बसच्या पायऱ्या, कोंबडीची तक्रार, आईंची धाप, हे सगळं रेवतीने कान लावून ऐकलं. धाप तर तिने फार आवडीने ऐकली. शेवटी दार लागल्याचा आवाज आला, बसने गिअर टाकला, आणि मग फोन तुटला.

हनीफभाई खाली उतरून डाव्या बाजूला उभे होते.

“काय झालं?”

“मॅडम, हे कोणी बांधलं?”

रेवती उतरली. वारा अंगावर आला, खारट, चिकट, ओढणी ओढून नेणारा. आरशाच्या दांडीला लाल चौकड्यांची एक पट्टी बांधलेली होती. ओली. वाऱ्यावर सरळ ताणलेली, शाळेच्या दिशेने बोट केल्यासारखी. दोन वेढे, एक फास, शेपूट आत खोचलेलं.

“गाडीत असलं कापड नाही,” हनीफभाई म्हणाले. “सकाळी पुसली तेव्हाही नव्हतं. सोडू का? साहेबांना चालत नाही गाडीला काही बांधलेलं.”

“सुटते का बघा.”

त्यांनी दोन्ही हातांनी खटपट केली, दात लावून पाहिले आणि सोडून दिलं. रेवतीने पट्टी मुठीत धरली. खाडीचं पाणी बोटांमधून मनगटावर आलं. तिने तर्जनी वर धरली. पश्चिमेकडची बाजू गार लागली.

मग तिने ती पट्टी उलटसुलट करून नीट पाहिली. तिच्यावर कुणाचंही नाव छापलेलं नव्हतं.